बर्फावरचा आठ

शनिवारी सकाळी पावणेसातला मी रिंकवर पोचते तेव्हा झांबोनीची शेवटची फेरी चालू असते. ते अवजड यंत्र बर्फ खरवडत, मागे पाण्याचा पातळ थर सोडत बाहेर जातं. ते पाणी गोठेपर्यंत कुणी आत पाऊल टाकत नाही. दोन-चार मिनिटं सगळा रिंक नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा चकाकत असतो.

कॅनडातल्या मिसिसागा शहरातल्या या रिंकवर शनिवारची पहिली वेळ आम्हा मोठ्या माणसांची. आम्ही नऊ-दहा जण असतो. त्यात एक बाई आहेत, एकाहत्तर वर्षांच्या. त्या आमच्या वर्गात नाहीत, लांबचा एक कोपरा धरून एकट्याच असतात. गेल्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा थांबून नीट पाहिलं, त्या करतात काय ते.

उजव्या पायावर उभं राहून, पात्याच्या बाहेरच्या कडेवर अंग किंचित कललेलं ठेवून त्या एकाच रेट्यात निघतात आणि सावकाश पूर्ण वर्तुळ काढून निघाल्या जागी परत येतात. तिथेच पाय बदलतात. मग डाव्या पायावर दुसरं वर्तुळ, पहिल्याला चिकटून. आपला ८ नव्हे, इंग्रजी आठ. न थांबता तोच आठ पुन्हा, आणि पुन्हा. त्या बाजूला झाल्यावर मी वाकून बघितलं. तीन वेळा आठ काढला होता आणि बर्फावर रेघ एकच दिसत होती. पार खाली बसल्यावर कळलं, की एका ठिकाणी दोन रेघा बोटभर सुटल्यात. बाईंनी बुटाच्या टोकाने तीच जागा दाखवली आणि म्हणाल्या, "इथे खांदा लवकर फिरला."

त्या लहानपणी इथेच, ओंटारियोतच शिकल्या. पहाटे साडेपाचला रिंकवर जायचं. प्रत्येक मुलीला बर्फाचा एकेक तुकडा वाटून दिलेला, त्याला 'पॅच' म्हणायचे. त्या तुकड्यावर तासभर फक्त आकृत्या गिरवायच्या. 'फिगर स्केटिंग' या नावातली 'फिगर' ती हीच. हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

हे लिहायला बसले ते आईच्या फोनमुळे. दर रविवारी ती सांगलीहून फोन करते. गेल्या रविवारी मी सांगितलं, की कालच्या वर्गात पडले, मांडीला हातभर काळंनिळं झालंय. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "अगं, आता काय वय आहे का तुझं बर्फावर घसरायचं? हाडबिड मोडलं तर तिकडं कोण बघणार तुझ्याकडं?" तिला काळजी वाटते, आणि ती खरी आहे. पण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सतरा वर्षांची होते.

मी खो-खो खेळायचे. तीन मोसम कुमारी गटात, जिल्ह्याकडून. पळण्यापेक्षा मारण्यात माझा हात चालायचा. पाटीवर बसलेली मुलगी खो मिळताच किती लवकर सुटते यावर सगळा डाव असतो. मी सुटायचे लवकर. खांबाजवळ सूर मारून गडी टिपला की गुडघ्यांची सालटी निघायची आणि घरी येऊन हळद दाबायची. १९९० साली कुमारी गटातला माझा शेवटचा मोसम संपला. त्यानंतर आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ घरी आले आणि चहा पिता पिता वडिलांना म्हणाले, "पोरगी चांगली खेळली. पण आता वय झालं. महिला गटात उतरवण्याएवढ्या मुलीच नाहीत आपल्याकडं." वडिलांनी मान डोलावली. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर गेले नाही, आणि त्यानंतर कधीच गेले नाही. मला दुखापत नव्हती. दम कमी पडत नव्हता. माझं वय झालंय हे माझ्या पायांना ठाऊकच नव्हतं.

२०२२ च्या ऑक्टोबरात, एकोणपन्नासाव्या वर्षी, मी नगरपालिकेच्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. शिकवायला एकोणीस वर्षांची मुलगी होती. ती सगळ्यांना एकच सांगत होती, गुडघे वाका, अजून वाका. बाकीचे घाबरून काठीसारखे ताठ उभे. माझे गुडघे मात्र वाकले, नितंब मागे गेले, वजन चवड्यावर आलं, आणि मला कळलं की मी पाटीवर बसण्याच्या बेतात आहे. बत्तीस वर्षं ही बैठक कुठे होती? मी तिला आठवलं नव्हतं, तिनेच मला आठवणीत ठेवलं होतं. त्या सकाळी गाडीत बसून मी बराच वेळ रडले.

म्हणून डियाना स्टेलाटो-ड्युडेकची गोष्ट मला बातमीसारखी वाचताच येत नाही. ती अमेरिकेची. २००० साली ज्युनियर जागतिक स्पर्धेत एकेरीत रौप्यपदक मिळवलं. मग खुब्याच्या दुखापती सुरू झाल्या आणि सतराव्या वर्षी तिने बूट काढून ठेवले. पुढे त्वचेची निगा राखण्याच्या व्यवसायात गेली, सोळा वर्षं बर्फापासून दूर. कामाच्या ठिकाणच्या एका कार्यक्रमात सगळ्यांना प्रश्न विचारला होता, की अपयश येणारच नाही अशी खात्री असेल तर तुम्ही काय कराल? तिच्या तोंडून निघून गेलं, ऑलिम्पिक सुवर्ण जिंकेन. तिने आईकडे चौकशी केली, जुने बूट आईने जपून ठेवले होते. २०१६ साली, तेहतिसाव्या वर्षी, ती बर्फावर परतली, आणि तीही एकेरीत नव्हे, जोडीच्या स्केटिंगमध्ये. म्हणजे जोडीदाराने डोक्यावर उचलायचं, हवेत फेकायचं आणि आपण एका पायावर उतरायचं. हे तिने तोवर कधी केलेलं नव्हतं. काही वर्षांनी ती कॅनडाच्या मॅक्सिम देशांबरोबर खेळू लागली. मार्च २०२४ मध्ये माँट्रियलला, घरच्या प्रेक्षकांसमोर, दोघं जागतिक विजेते झाले. ती चाळीस वर्षांची होती. फिगर स्केटिंगमध्ये इतक्या वयाची स्त्री जागतिक विजेती आजवर झालेली नव्हती.

मी ते घरी लॅपटॉपवर बघितलं, मुलीबरोबर. मला सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं तर डेथ स्पायरल. त्यात पुरुष एका जागी पाय रोवून खाली बसल्यासारखा होतो आणि तिचा एक हात धरून तिला स्वतःभोवती फिरवतो. ती एका पात्याच्या कडेवर, जवळजवळ आडवी, डोकं बर्फापासून वीतभर अंतरावर. पोट सैल सुटलं तर संपलं. ती ताठ होती, धनुष्याला दोरी चढवावी तशी. मुलगी म्हणाली, "आई, श्वास घे." मी श्वास रोखून बसलेय हे मला समजलंच नव्हतं.

२०२४ च्या डिसेंबरात डियानाला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं. २०२६ चं मिलानचं ऑलिम्पिक बेचाळिसाव्या वर्षी गाठायचं, हेच तिचं ध्येय होतं.

आता दुसरी बाजू. महिला एकेरीच्या ऑलिम्पिक विजेत्यांची वयं मी एका रात्री वहीत लिहून काढली. १९९२ ची क्रिस्टी यामागुची वीस. १९९४ ची ओक्साना बाय्युल सोळा. १९९८ ची तारा लिपिन्स्की पंधरा. २००२ ची सारा ह्यूज सोळा. २००६ साली शिझुका अराकावा चोवीस, ती एकटीच उंच उभी दिसते. मग युना किम एकोणीस, सोत्निकोवा सतरा, झागितोवा पंधरा, श्चेरबाकोवा सतरा. यातल्या कितीजणी पुढच्या ऑलिम्पिकला परत आल्या? युना किम आली, २०१४ ला, आणि रौप्य घेऊन गेली. बाकी शाळकरी वयात सुवर्ण घेतलेल्या मुली चार वर्षांनी मैदानात नव्हत्या. झागितोवाने सतराव्या वर्षी स्पर्धा थांबवल्या.

याचं कारण शरीरात आहेच. उडी हवेत पाऊण सेकंदसुद्धा टिकत नाही. तेवढ्यात तीन किंवा चार गिरक्या मारायच्या. उडीची उंची फार वाढवता येत नाही, म्हणून गिरकीचा वेग वाढवायचा. अंग जितकं अरुंद, खांदे आणि कंबर जितकी बारीक, तितकं फिरणं सोपं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं अंग या हिशेबात चपखल बसतं. मग ती वयात येते, उंची वाढते, कंबर भरते, आणि काल सहज येणारी उडी आज नव्याने शिकावी लागते. आणि प्रत्येक वेळी उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एकाच पायावर, एकाच खुब्यावर. दिवसाला अशा किती उड्या, आठवड्याला किती, याचा हिशेब मांडला की सतराव्या वर्षी खुबा का बोलतो ते कळतं.

पण मला म्हणायचंय ते याच्या पुढचं आहे. कोणत्या गोष्टीला किती गुण द्यायचे हे शरीर ठरवत नाही, माणसं ठरवतात. आमच्या रिंकवरच्या बाई ज्या आकृत्या गिरवतात, त्यांना एकेकाळी निम्म्याहून जास्त गुण होते. तो वर्षानुवर्षांच्या सरावाचा, नजरेचा आणि संयमाचा भाग. तेव्हाही लहान मुली जिंकत होत्या. सोन्या हेनी १९२८ च्या ऑलिम्पिकला पंधराव्या वर्षी जिंकलीच. पण तिच्या शेजारी थोरल्यांनाही जागा होती. १९२० साली लुडोविका याकॉब्सन पस्तिसाव्या वर्षी जोडीचं सुवर्ण जिंकली. गिलिस ग्राफस्ट्रॉम तीन सुवर्णांनंतर १९३२ ला अडतिसाव्या वर्षी रौप्य घेऊन गेला. पुढे आकृत्यांचं वजन कमी कमी होत गेलं, टीव्हीवर त्या कुणी बघेना. १९९० ला कॅनडातच, हॅलिफॅक्सच्या जागतिक स्पर्धेत, त्या शेवटच्या झाल्या. म्हणजे ज्या वर्षी मी मैदान सोडलं, त्याच वर्षी. मग उरल्या त्या उड्या, आणि उड्यांच्या खेळात सोळाव्या वर्षी मुलगी थोराड ठरायला लागली.

२०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकची ती सकाळ मी विसरणार नाही. तिकडे रात्र, आमच्याकडे मुलगी शाळेला निघायच्या आधीची वेळ. रशियाची कामिला व्हालियेवा पंधरा वर्षांची. माझी मुलगीही तेव्हा पंधराचीच होती. तिच्या उत्तेजक चाचणीचं प्रकरण आठवडाभर जगभर गाजत होतं, आणि त्या ओझ्याखाली ती पोर फ्री स्केटला, म्हणजे शेवटच्या लांब फेरीला, उतरली. पडली, उठली, पुन्हा पडली. पहिल्या नंबरावरून चौथ्यावर गेली. पुढे तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. त्या औषधाचं खरंखोटं काहीही असो, पंधरा वर्षांच्या मुलीला तिथवर नेणारी सगळी माणसं मोठी होती. माझी मुलगी दप्तर पाठीला लावून दारात उभी होती आणि म्हणाली, "तिला कुणी थांबवत का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर त्याच वर्षी जूनमध्ये आलं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेली. जिम्नॅस्टिक्सने सोळाची मर्यादा १९९७ पासूनच घातली होती. नियम बदलल्याने बर्फाचं शास्त्र बदललं नाही, पण चित्र बदलू लागलंय असं मला वाटतं. जपानची काओरी साकामोतो ट्रिपल अॅक्सल, म्हणजे साडेतीन गिरक्यांची उडी, मारत नव्हती, चार गिरक्यांचीही मारत नव्हती. तिच्याकडे होता वेग आणि पात्याच्या कडेवरची पकड. २०२२, २०२३, २०२४, अशी सलग तीन वर्षं ती जागतिक विजेती झाली. रशियाच्या मुली युक्रेन युद्धानंतरच्या बंदीमुळे त्यात नव्हत्या, हे सांगायलाच हवं. तरी तेविसाव्या वर्षी तिचं स्केटिंग एकविसाव्यापेक्षा भरदार होतं, हे डोळ्यांना दिसत होतं.

आणि अलिसा लिऊ. तेराव्या वर्षी अमेरिकेची विजेती, सोळाव्या वर्षी निवृत्त. जवळजवळ दोन वर्षं बूट घातले नाहीत, एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालून आली, कॉलेजात गेली. एकदा स्कीइंगला गेली असताना अंगात तो जुना वेग जागा झाला आणि ती परतली. या वेळी संगीत, पोशाख, कार्यक्रम सगळं तिच्या पसंतीचं. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला ती जागतिक विजेती झाली, एकोणीस वर्षांची. तिचा चेहरा बघा, उड्या मारताना ती हसते.

ओक्साना चुसोवितिनाबद्दल मात्र थोडं सावकाश लिहायचंय. स्केटिंग नव्हे, जिम्नॅस्टिक्स, आणि तिथे तर वीस म्हणजे पोक्त. ही बुखाऱ्याची, जन्म १९७५. १९९२ ला बार्सिलोनात सतराव्या वर्षी सांघिक सुवर्ण. लग्न झालं, मुलगा झाला. २००२ साली त्या तान्हुल्याला, अडीच-तीन वर्षांचा असेल, रक्ताचा कर्करोग निघाला. उपचारांसाठी ती जर्मनीत कोलोनला गेली. स्पर्धांच्या बक्षिसांतून दवाखान्याचा खर्च भागवायचा, म्हणून ज्या वयात बाकीच्या निवृत्त होतात त्या वयात ती वॉल्टवरून उड्या मारत राहिली. मुलगा बरा झाला. २००८ ला बीजिंगमध्ये तिने जर्मनीसाठी रौप्य जिंकलं, तेहतीस वर्षांची असताना. मग थांबायचं कारण संपलं होतं, असं आपल्याला वाटेल. ती थांबली नाही. पुन्हा उझबेकिस्तानकडून २०१६ ला रिओत उतरली, एकेचाळिसाव्या वर्षी. तिथे वॉल्टच्या अंतिम फेरीत आपली दीपा कर्माकर होती. दोघींनीही प्रोडुनोव्हा उडी मारली, हवेत दोन कोलांट्यांची, फार धोक्याची. दीपाचं कांस्य ०.१५० गुणांनी हुकलं. आम्ही सगळे दीपासाठी हळहळत होतो, आणि त्या बाजूच्या बाईंचं वय दीपाच्या वयाच्या जवळजवळ दुप्पट आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

टोकियो हे तिचं आठवं ऑलिम्पिक, सेहेचाळीस वर्षांची. करोनामुळे प्रेक्षक नव्हते. तिची शेवटची उडी झाल्यावर त्या रिकाम्या सभागृहात खेळाडू, प्रशिक्षक, पंच उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. ती रडत होती.

तिला पॅरिसलाही जायचं होतं. मे २०२४ मध्ये ताश्कंदला, तिच्याच देशात, जिम्नॅस्टिक्सची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा होती, ऑलिम्पिकची शेवटची संधी. सरावात दुखापत झाली आणि माघार घ्यावी लागली. त्याच ताश्कंदच्या स्पर्धेत तिसाव्या वर्षी दीपाने वॉल्टचं सुवर्ण जिंकलं, आशियाई सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय जिम्नॅस्ट. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दीपा निवृत्त झाली. तिच्या गुडघ्याने तिला काय काय सोसायला लावलंय ते सगळ्यांना माहीत आहे. शरीर कधीतरी थांबवतंच, हे मी नाकारत नाही. माझंही उजवं ढोपर थंडीत जिना उतरताना सांगतं. पण शरीराने थांबवणं आणि चहा पिता पिता कुणीतरी थांबवणं, यात फरक आहे. पहिल्यात निदान आपल्याशी बोलणं होतं.

एक व्हिडिओ मी आईला पाठवला आहे. ल्युदमिला बेलाउसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव्ह. १९६४ आणि १९६८, दोन्ही ऑलिम्पिकची जोडीची सुवर्णं त्यांची. दुसरं जिंकलं तेव्हा ती बत्तीस, तो पस्तीस. डेथ स्पायरलचे आज जे चार प्रकार आहेत त्यातले तीन त्यांनी घडवले. १९७९ ला दौऱ्यावर असताना दोघांनी सोव्हिएत संघ सोडला आणि स्वित्झर्लंडमध्ये राहिले, आणि स्केटिंग करतच राहिले. २०१५ साली शेवटचे लोकांसमोर उतरले तेव्हा ती एकोणऐंशी आणि तो त्र्याऐंशी. उड्या नाहीत. हात हातात, सारखी लय, कडेवर कललेली दोन शरीरं. तिचा हात सुटतो आणि तो न बघता पुन्हा धरतो. पन्नास-साठ वर्षांत तो हात कुठे असेल हे त्याला पाठ झालेलं. २०१७ ला ती गेली, २०२३ ला तो, एक्क्याण्णवाव्या वर्षी.

आईने व्हिडिओ दोनदा बघितला. म्हणाली, "म्हातारीची पाठ किती सरळ आहे गं." आणि थोड्या वेळाने, "तू तो खो-खोचा फ्रॉक ठेवला होतास का गं कुठं, ट्रंकेत बघते." तो ट्रंकेत नाही. मीच तो १९९० च्या दिवाळीत बोहारणीला देऊन टाकला होता. आईला अजून सांगितलेलं नाही.

गेले चार महिने कोपऱ्यातल्या बाई मला आठ शिकवतायत. माझी मोठी अडचण डाव्या पायाच्या वर्तुळाची. शेवटच्या पाव भागात वेग संपतो, मी घाईने खांदा फिरवते आणि पातं आत वळतं, मग सुरुवातीच्या जागेवर पोचतच नाही. सुरुवातीला वर्तुळाच्या तोंडाशी दोन हातांची फट राहायची. बाई काही बोलत नाहीत. फट दाखवतात, मग वर्तुळावर मागे मागे जात ती जागा दाखवतात जिथून चूक सुरू झाली. ती जागा फटीपासून नेहमी खूप लांब असते. मागच्या महिन्यात त्यांनी मला रेटा मारल्यावर मोकळा पाय मागेच ठेवायला सांगितला, अर्धं वर्तुळ होईपर्यंत. मन घट्ट करावं लागतं, कारण पाय पुढे आणावासा वाटतो.

या शनिवारी झांबोनी गेल्यावर आम्ही दोघीच होतो. मी उजवं वर्तुळ काढलं, पाय बदलला, डाव्यावर गेले, मोकळा पाय मागे धरला, धरला, मग पुढे आणला. थांबून वाकून बघितलं. बाईंनी हातमोजा काढून बर्फावर पंजा टेकवला, अंगठा रेघेच्या एका टोकाला, करंगळी दुसऱ्या.

फट एका वितीची होती.